चाळणीमागे चाळणी : न्यूझीलंडमध्ये इंटरनेट गाळले जाते ते नेमके कुठे आणि कसे?

एप्रिल १९८९ मध्ये हॅमिल्टन येथील वायकाटो विद्यापीठातून हवाईपर्यंत एक संगणकीय दुवा जोडला गेला आणि न्यूझीलंड इंटरनेटवर आले. दुव्याची क्षमता सेकंदाला ९६०० बिट. आज भ्रमणध्वनीवर पाठवलेले एक साधे छायाचित्रही त्या वेगाने पोहोचायला कित्येक मिनिटे घेईल. पॅसिफिक महासागराखालून येणारी ही वाट अरुंद होती आणि महागही होती. तिचा खर्च भागवण्यासाठी वायकाटोने लवकरच एक व्यवस्था सुरू केली, जी त्या काळी अन्य देशांतील विद्यापीठांना विचित्र वाटे: जितकी माहिती मागवाल, तितके पैसे मोजा. पाणीपट्टी मीटरवर आकारावी, तसे.

मीटर आला की काटकसर येते. एकाच पानाची मागणी दहा विद्यार्थ्यांनी केली, तर ते पान दहादा समुद्र ओलांडून का आणायचे? एकदा आणावे, जवळच्या संगणकावर ठेवावे आणि पुढच्या नऊ जणांना तिथूनच द्यावे. हे काम करणाऱ्या मध्यस्थ संगणकाला प्रॉक्सी म्हणतात. वायकाटोच्या डोनाल्ड नील यांनी न्यूझीलंडमधील अशा साठवणुकीचा अनुभव १९९६ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या पाचव्या जागतिक वेब परिषदेत मांडला होता. तेव्हा वापरात असलेल्या 'हार्वेस्ट' या सॉफ्टवेअरमधूनच त्याच वर्षी 'स्क्विड' नावाचा मुक्तस्रोत प्रॉक्सी जन्माला आला. तो आजही जगभर वापरला जातो आणि त्याच्या देखभालीची धुरा अनेक वर्षे न्यूझीलंडचेच अमोस जेफ्रीज यांनी वाहिली. या देशाचे आणि या सॉफ्टवेअरचे नाते असे जुने आहे.

पैसे वाचवण्यासाठी बसवलेला हा मध्यस्थ पुढे दुसऱ्याच कामाला लागला. शाळेतील, कार्यालयातील किंवा ग्रंथालयातील प्रत्येक मागणी त्याच्या हातून जात असेल, तर कोणती मागणी पुढे जाऊ द्यायची आणि कोणती अडवायची, हेही तिथेच ठरवता येते. दारावर बसलेल्या टपालवाल्याच्या हाती कात्री दिली, एवढाच काय तो फरक. ही कात्री एकाच हाती असेल तर प्रश्न सोपा राहतो. प्रत्यक्षात ती कधीच एका हाती नसते.

एकच जागा, तीन दावेदार

उदाहरणादाखल एक काल्पनिक माध्यमिक शाळा घेऊ. मुलांसाठी अनुचित संकेतस्थळे अडवावीत, असे शाळेच्या व्यवस्थापन मंडळाला वाटते. फसव्या आणि विषाणूबाधित पत्त्यांची यादी रोज बदलत असल्याने ती स्वतंत्रपणे तपासली जावी, असे तंत्रज्ञाचे मत असते. शिक्षकांचे म्हणणे तिसरेच असते. जाहिरातींमुळे वर्गातील पाने उघडायला वेळ लागतो, तेव्हा जाहिराती तरी काढून टाका. या तीन कामांसाठी तीन वेगळे कार्यक्रम उपलब्ध असतात. पहिला वर्गवार याद्यांवर चालतो, नॉर्वेत तयार झालेला स्क्विडगार्ड हा त्याचा जुना आणि परिचित नमुना. दुसरा सुरक्षा कंपनीकडून आलेला असतो. तिसरा बहुधा कोणा हौशी प्रोग्रामरने लिहिलेला असतो.

अडचण अशी की पत्ते तपासून बदलणारा कार्यक्रम जोडण्यासाठी स्क्विडच्या मांडणीत जागा एकच आहे. त्या जागी एका कार्यक्रमाचे नाव लिहिता येते, तिघांची लिहिता येत नाहीत. म्हणून साखळी करावी लागते. तिघांच्या पुढे एक छोटा दलाल कार्यक्रम बसवायचा. स्क्विडला वाटते आपण एकाशीच बोलतो आहोत, आणि दलाल मागे तिघांना क्रमाने विचारून एकच उत्तर परत देतो. 'अ‍ॅडझॅप' हा जाहिराती वगळणारा कार्यक्रम लिहिणारे ऑस्ट्रेलियाचे कॅमेरॉन सिम्पसन यांनी त्यासोबत 'झॅपचेन' नावाची अशीच एक लहानशी स्क्रिप्ट दिली होती, यावरून ही गरज किती सार्वत्रिक होती ते कळते.

या संवादाची रीत विलक्षण साधी आहे. स्क्विड एक ओळ लिहितो: मागितलेला पत्ता, मागणाऱ्याच्या संगणकाचा क्रमांक, वापरकर्त्याची ओळख असल्यास ती, आणि मागणीचा प्रकार. कार्यक्रम ती ओळ वाचतो आणि एका ओळीतच उत्तर देतो. जुन्या पद्धतीत कोरी ओळ म्हणजे 'हरकत नाही, जाऊ द्या'. कोऱ्या ओळीऐवजी दुसरा पत्ता आला, तर मागणी त्या पत्त्याकडे वळवायची. 'हे पान या शाळेत पाहता येत नाही' असे सांगणारे पान वापरकर्त्यासमोर येते ते याच वाटेने. नव्या आवृत्त्यांत कोऱ्या ओळीची जागा स्पष्ट होकार-नकाराच्या शब्दांनी घेतली आहे, पण गाभा तोच आहे.

दलालाने करायचे ते एवढेच: ओळ पहिल्याला द्या. उत्तर कोरे आले, तर मूळ ओळ दुसऱ्याला द्या. पत्ता बदलून आला, तर एक निर्णय घ्या. इथेच थांबायचे, की बदललेला पत्ता ओळीत घालून पुढच्याला दाखवायचा?

हा निर्णय दिसतो तितका किरकोळ नाही. जाहिरात वगळणारा कार्यक्रम जाहिरातीच्या जागी शाळेच्याच सर्व्हरवरील कोरे चित्र ठेवतो. तो साखळीत पहिला असेल आणि बदललेला पत्ता पुढे जात असेल, तर सुरक्षेच्या कार्यक्रमाला मूळ घातक पत्ता कधी दिसतच नाही, तर त्याला दिसते शाळेचे निरुपद्रवी चित्र. या वेळी नुकसान झाले नाही खरे, कारण घातक वस्तू आतही आली नाही. पण नोंदवहीत तिची खूण राहिली नाही, आणि कोणत्या वर्गखोलीतील संगणक तिला सतत बोलावतो आहे, हे तंत्रज्ञाला कळण्याचा मार्ग बंद झाला. म्हणून जाणकार क्रम उलटा लावतात. आधी निःसंशय परवानगी असलेल्या पत्त्यांची छोटी यादी, म्हणजे बहुतांश मागण्या तिथेच मोकळ्या होतात. नंतर सुरक्षा. मग वर्गवार याद्या. जाहिराती सर्वांत शेवटी.

दुसरा धोका गोल फिरण्याचा. 'पान अडवले आहे' असे सांगणारे पान ज्या सर्व्हरवर आहे, तोच पत्ता चुकून दुसऱ्या एखाद्या यादीत बसला, की ब्राउझर त्या पानाकडे जातो, तिथून पुन्हा त्याच पानाकडे पाठवला जातो आणि शेवटी थकून चुकीचा संदेश दाखवतो. विद्यार्थ्याला वाटते इंटरनेट बंद आहे. प्रत्यक्षात दोन पहारेकरी एकमेकांकडे बोट दाखवत उभे असतात.

एका ओळीचा घोटाळा

साखळीतील सर्वांत भयंकर बिघाड मात्र वेगळा आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. एक प्रश्न, एक उत्तर, या शिस्तीवर सारा डोलारा उभा असतो. जुन्या पद्धतीत प्रश्नावर क्रमांक नसे, पहिले उत्तर पहिल्या प्रश्नाचे आणि दुसरे दुसऱ्याचे, असे गृहीत धरले जाई. आता साखळीतील एखाद्या कार्यक्रमाने विचित्र पत्ता पाहून एका प्रश्नाला दोन ओळी उत्तर दिले, किंवा एखादी ओळ गिळली, तर त्या क्षणापासून पुढची सगळी उत्तरे एका घराने सरकतात. सातवीतील मुलीने विश्वकोशातील पान मागितले आणि तिला शेजारच्या वर्गातील कोणाच्या तरी मागणीचे उत्तर मिळाले. जे अडवायचे ते सुटते, जे सोडायचे ते अडते, आणि नोंदवहीत एकाचे कृत्य दुसऱ्याच्या नावावर लागते. पुढे त्या नोंदवहीच्या आधारे एखाद्या मुलाला मुख्याध्यापकांसमोर उभे केले गेले, तर?

नंतरच्या आवृत्त्यांत प्रत्येक ओळीच्या आरंभी क्रमांक घालण्याची सोय झाली आणि उत्तरही त्याच क्रमांकासह द्यावे लागू लागले. पण जुने कार्यक्रम त्या क्रमांकालाच पत्ता समजतात. त्यामुळे दलालाला आणखी एक काम लागते: क्रमांक काढून ठेवणे, ओळ जुन्याला देणे, उत्तराला क्रमांक परत चिकटवणे.

दुसरा नेहमीचा बिघाड म्हणजे मौन. संगणकीय कार्यक्रम पुष्कळदा उत्तर लगेच बाहेर न टाकता आपल्याजवळ साठवून ठेवतात आणि पुरेसे साठले की एकदम सोडतात. साखळीतील एकाने जरी असे केले, तरी पुढचा त्याच्या उत्तराची वाट पाहतो, तो पुढच्या प्रश्नाची, आणि दोघेही कायमचे थांबतात. पर्ल भाषेत याचा उपाय एका ओळीचा आहे. ती ओळ लिहायला विसरल्यामुळे किती तंत्रज्ञांची रात्र वाया गेली असेल, याची गणती नाही.

वेळेचा हिशेबही साखळीनेच बदलतो. समजा प्रत्येक चाळणीला पाच मिलीसेकंद लागतात. तीन चाळण्यांना पंधरा. एकामागून एक काम करणारी एक साखळी मग सेकंदाला सुमारे ६६ मागण्याच निकालात काढू शकते, आणि आजचे एक पान उघडताना ब्राउझर कित्येक डझन मागण्या करतो. सकाळच्या पहिल्या तासाला पाच वर्गांनी एकदम संगणक उघडले की रांग लागते. अशा वेळी स्क्विडमध्ये दोनच मार्ग उरतात. पहिला, रांगेत थांबवून ठेवायचे. जुन्या आवृत्त्यांत रांग फारच वाढली तर स्क्विड स्वतःच बंद पडत असे. दुसरा, एक विशिष्ट मांडणी चालू करायची, जिच्यामुळे सर्व तपासनीस व्यग्र असताना येणारी मागणी न तपासताच पुढे जाते. ही दुसरी मांडणी अनेक ठिकाणी 'वेग वाढवण्यासाठी' म्हणून चालू केलेली असते. तिचा खरा अर्थ असा की गर्दीच्या वेळी फाटक उघडे राहते, आणि ते कोणालाही कळत नाही.

यातून सुटण्यासाठी पुढे अधिक नीटस मार्ग निघाले. २००३ मध्ये आरएफसी ३५०७ या दस्तऐवजाने आयकॅप ही पद्धत नोंदवली. तीत तपासनीस वेगळ्या सर्व्हरवर बसतात, पत्त्याबरोबर मजकूरही पाहू शकतात आणि स्क्विडला त्यांची साखळी अधिकृतपणे मांडता येते. आज बहुतेक शाळांना हा खटाटोप करावाही लागत नाही. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या नेटवर्क फॉर लर्निंग या सरकारी कंपनीमार्फत शाळांना इंटरनेट आणि गाळणी एकत्रच मिळते. चाळण्या मात्र तशाच आहेत. त्या शाळेच्या कपाटातून उठून दूरच्या यंत्रणेत गेल्या, इतकेच.

शब्दांवरून गाळणाऱ्या कार्यक्रमांची एक गंमत, जी मराठी घरांना विशेष परिचयाची असेल. दीक्षित हे आडनाव एका प्रचलित पद्धतीने रोमन लिपीत लिहिले, तर त्याच्या पोटात एक असभ्य इंग्रजी शब्द सापडतो. अर्थ न कळणाऱ्या चाळणीला तेवढे पुरते. इंग्लंडमधील स्कन्थॉर्प गावच्या रहिवाशांना १९९६ मध्ये अमेरिका ऑनलाइनवर खाते उघडताना हाच अनुभव आला आणि या दोषाला त्या गावाचे नाव कायमचे चिकटले. साखळीत तीन चाळण्या असतील, तर एकीचा असा गैरसमज पुरेसा ठरतो. बाकी दोघींनी होकार दिला तरी त्याला किंमत नसते.

सरकारची दुहेरी चाळणी

शाळेतील साखळी हे लहान चित्र झाले. न्यूझीलंड सरकारही २०१० पासून अशीच एक साखळी चालवते, देशाच्या पातळीवर. गृह विभाग, म्हणजे डिपार्टमेंट ऑफ इंटर्नल अफेअर्स, बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे देणारी संकेतस्थळे अडवतो. २००७ पासून काही सेवादात्यांसह तिची चाचणी झाली होती. 'व्हाइटबॉक्स' हे तंत्र नेटक्लीन या स्वीडिश कंपनीचे.

रचना चतुर आहे. देशातील प्रत्येक मागणी एका चाळणीतून नेणे परवडणारे नाही, आणि बहुसंख्य निरपराध नागरिकांच्या दृष्टीने ते योग्यही नाही. म्हणून तपासणी दोन टप्प्यांत होते. इंटरनेटवरील सर्व्हरचा क्रमांक हा चाळीच्या पत्त्यासारखा, तर यूआरएल म्हणजे त्या चाळीतील विशिष्ट खोली. एका चाळीत शेकडो बिऱ्हाडे असू शकतात. विभाग सेवादात्यांना फक्त संशयित चाळींचे क्रमांक कळवतो. मार्ग ठरवणाऱ्या बीजीपी या यंत्रणेतूनच तशी घोषणा होते आणि त्या चाळींकडे जाणारी वाहतूक तेवढी विभागाच्या सर्व्हरकडे वळते. तिथे दुसरी चाळणी खोली क्रमांक पाहते. यादीतील खोली असेल, तर अडवल्याची सूचना दाखवली जाते. नसेल, तर मागणी मूळ जागी रवाना होते. पहिली चाळणी जाड, स्वस्त आणि जलद. दुसरी बारीक आणि महाग. धान्य निवडताना घरोघरी हेच करतात.

अशा दुहेरी रचनेचे दुखणे ब्रिटनमध्ये आधीच उघड झाले होते. डिसेंबर २००८ मध्ये तेथील इंटरनेट वॉच फाउंडेशनने विकिपीडियावरील एका जुन्या संगीत-अल्बमच्या पानाला यादीत घातले. खोली एकच होती, पण चाळ विकिपीडियाची! सहभागी सेवादात्यांच्या ग्राहकांची विकिपीडियाकडे जाणारी सारी वाहतूक मोजक्या प्रॉक्सींतून जाऊ लागली. विकिपीडियाला लाखो लोक जणू दोनचार संगणकांवरूनच येत असल्यासारखे दिसू लागले. खोडसाळ संपादक आणि सज्जन संपादक यांच्यात फरक करता येईना, तेव्हा त्या सर्वांचेच निनावी संपादन बंद करावे लागले. काही दिवसांतच फाउंडेशनने निर्णय मागे घेतला.

न्यूझीलंडच्या यंत्रणेवर देखरेखीसाठी स्वतंत्र संदर्भ गट आहे, आणि अडवलेल्या पानावरून निनावी तक्रारही करता येते. यादी मात्र गुप्त आहे. ती गुप्त असण्याचे कारण उघड आहे: प्रसिद्ध केली तर ती गुन्हेगारांसाठी मार्गदर्शिका ठरेल. तरीही नागरिकाला तपासता न येणारी यादी ही लोकशाहीत अस्वस्थ करणारी वस्तू असते, हे मान्य करायला हवे. दुसरे असे की सेवादात्यांचा सहभाग ऐच्छिक आहे. काही कंपन्या आल्या, काहींनी नकार दिला. त्यामुळे एकाच रस्त्यावरील दोन घरांत इंटरनेट वेगवेगळे गाळले जाऊ शकते.

१५ मार्चनंतर

१५ मार्च २०१९ रोजी क्राइस्टचर्च येथील दोन मशिदींवर हल्ला झाला. ५१ जणांचा बळी गेला. हल्लेखोराने त्याचे थेट प्रक्षेपण केले होते. पहिल्या २४ तासांत त्या चित्रफितीच्या सुमारे १५ लाख प्रती आपण काढल्याचे फेसबुकने सांगितले. देशातील मोठ्या दूरसंचार कंपन्यांनी सरकारी आदेशाची वाट न पाहता, ती चित्रफीत ठेवणारी काही संकेतस्थळे स्वतःहून अडवली. १९ मार्चला स्पार्क, व्होडाफोन आणि टूडिग्रीज यांच्या प्रमुखांनी फेसबुक, ट्विटर व गूगल यांना खुले पत्र लिहिले.

सरकारी चाळणी त्या दिवशी कामास आली नाही, कारण ती त्या कामासाठी नव्हती. कंपन्यांनी वापरला तो नामव्यवस्थेतील अडसर. संकेतस्थळाचे नाव विचारले की त्याचा क्रमांक द्यायचाच नाही. हे अवजार बोथट आहे. खोली अडवण्यासाठी त्याने अख्खी चाळ बंद होते. शोकाच्या त्या दिवसांत फारशी कोणी तक्रार केली नाही, पण खाजगी कंपनीने कशाच्या आधारे, किती दिवस आणि कोणाला विचारून अडवावे, हा प्रश्न उरला. २०२० मध्ये मांडलेल्या वर्गीकरण कायद्याच्या दुरुस्ती विधेयकात सरकारी गाळणीची तरतूद होती. संसदेच्या समितीपुढे त्यावर कडाडून टीका झाली आणि ती वगळण्यात आली. २०२१ मध्ये मंजूर होऊन फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यात मजकूर काढण्याच्या नोटिसा आहेत, गाळणी नाही.

बंद पाकीट

या सर्व चाळण्यांच्या मुळाशी एक गृहीतक होते: टपाल पोस्टकार्डावर येते आणि मध्यस्थाला वाचता येते. एचटीटीपीएसमुळे टपाल आता बंद पाकिटात येते. पाकिटावर संकेतस्थळाचे नाव तेवढे दिसते, आतील पत्ता झाकलेला असतो. स्क्विडला अशा वेळी कळते ते इतकेच की अमुक सर्व्हरशी गुप्त जोडणी हवी आहे. पत्ता बदलणाऱ्या साखळीला बदलण्यासाठी पत्ताच उरत नाही. बळेच बदलला, तर ब्राउझर प्रमाणपत्राचा इशारा देतो आणि अडवल्याचे सौम्य पान दिसण्याऐवजी एक भयसूचक पडदा दिसतो. सरकारच्या दुसऱ्या, बारीक चाळणीलाही हीच मर्यादा लागू होते: चाळ ओळखता येते, खोली दिसत नाही.

पाकीट उघडणे अशक्य नाही. शाळेच्या प्रत्येक संगणकावर शाळेचे स्वतःचे मूळ प्रमाणपत्र बसवले, तर प्रॉक्सी मध्ये उभा राहून पाकीट उघडू शकतो, वाचू शकतो आणि पुन्हा बंद करून पाठवू शकतो. शाळेच्या मालकीच्या यंत्रांवर हे समर्थनीय म्हणता येईल. पण न्यूझीलंडमधील अनेक शाळांत मुले घरचाच लॅपटॉप आणतात. त्यावर असे प्रमाणपत्र बसवण्यास संमती देणारे पालक बहुधा हे लक्षात घेत नाहीत की शाळेच्या जाळ्यावर असताना त्याच यंत्रावरून उघडलेला बँकेचा व्यवहारही, वगळलेल्या पत्त्यांच्या यादीत नसेल तर, शाळेच्या प्रॉक्सीला वाचता येईल. ती वगळणीची यादी कोण सांभाळते, हे संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी शाळेला विचारण्यासारखे आहे.

पाकीट न उघडता नुसत्या नावावरून गाळणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण आली आहे. ब्राउझर आता नावांची चौकशीही गुप्तपणे, थेट दूरच्या सर्व्हरकडे करू शकतो. फायरफॉक्सने शाळा आणि कार्यालयांसाठी एक खूण ठेवली आहे. जाळ्याने एका ठरावीक नावाबाबत 'असे काही अस्तित्वात नाही' असे उत्तर दिले, की ब्राउझर आपली गुप्त चौकशी आपणहून थांबवतो आणि स्थानिक चाळणीला मान देतो. मात्र ही सवलत फक्त मूळ मांडणीपुरती आहे. वापरकर्त्याने स्वतः मांडणीत जाऊन गुप्त चौकशी चालू केली असेल, तर ब्राउझर त्या खुणेकडे लक्ष देत नाही. शेवटच्या बाकावरील विद्यार्थ्याला त्यासाठी दोन-तीन कळा दाबाव्या लागतात.